बरणीवरचा दोरा

कैऱ्या दिसू लागल्या की मी हल्ली भाजीवाल्याशी भांडते. परवा बेसा रोडवर गुलमोहराच्या सावलीत एक हातगाडी उभी होती. मी म्हटलं, "कैऱ्या आहेत का दगड?" तो बिचारा शांतपणे म्हणाला, "आजी, रागावता काहून? मेथांब्याले एकदम बरोबर आहे. घेऊन तं पाहा." मेथांब्याचं नाव त्यानं काढलं नसतं तर मी तशीच पुढे गेले असते. काढलं, म्हणून घेतल्या. पिशवी घेऊन लिफ्टमध्ये उभी राहिले तर त्या आंबट, चिकाच्या वासानं लिफ्ट भरून गेली. वरच्या मजल्यावरची एक मुलगी कानात ती वायर नसलेली बोंडं घालून उभी होती. तिनं नाक वर करून वास घेतला आणि हसली. मला हसता आलं नाही.

घरी सून म्हणाली, "आई, यंदा नका करू. एवढ्या उन्हात गॅसपुढे कशाला उभं राहायचं? आणि खाणार कोण आहे?" मग तिनंच जीभ चावली. रश्मी चांगली आहे हो. चांगल्या माणसाच्या तोंडूनच असं निघतं. वाईट माणूस बोलताना सांभाळून असतो.

मी कैऱ्या पाण्यात टाकल्या. त्या बुडाल्या, आणि एकेक करून तिरक्या होऊन तळाशी बसल्या.

मेथांबा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कैरीच्या सोललेल्या फोडी, मेथ्यांची फोडणी, वरून गूळ, तिखट आणि मीठ. आमच्याकडे तिखट भिवापुरी मिरचीचं आणि गूळ इतवारीतून आणलेला, काळपट, जरा खारटपणा असलेला. पांढऱ्या गुळाचा मेथांबा म्हणजे पावडर लावलेली नवरी. सगळं एकजीव झालं की चमच्यावरून तो असा ओघळतो की थेंब पडू का नको याचा विचार करतोय असं वाटावं. तोंडात आधी गोड, मग आंबट, मग जाळ, आणि हे सगळं गेल्यावर जिभेच्या मागच्या टोकाला एक कडू आठवण. मेथीची. तेवढं कडू नसतं तर तो साधा मुरंबा झाला असता. लहान मुलांनी पोळीला लावून खाल्ला असता.

सगळा खेळ मेथ्यांचा. तेलात पडल्या की आधी पिवळ्या, मग गुलाबी, मग बदामी, आणि मग एका श्वासात काळ्या. गुलाबीला कैरी टाकायची. बदामीलाही चालतं. त्यानंतर देवाचं नाव घ्यायचं.

हे आज मी मोठ्या तोऱ्यात सांगते आहे. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा मला मेथ्या कोणत्या आणि मोहरी कोणती एवढंच कळत होतं.

तेव्हाच्या त्या पोरीबद्दल काय सांगू! अमरावतीची, होमसायन्स घेऊन बी.ए. झालेली, दुसऱ्या वर्गात, पण सांगताना वर्ग गाळून सांगायची. पदर नीट खोचता येत नव्हता आणि सासूबाईंना कॅलरी म्हणजे काय ते समजावून द्यायची. सासूबाई वाटण वाटता वाटता ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बरं झालं वं सांगितलं. इतकी वर्षं आम्ही न मोजताच खाऊन राहिलो." तिला वाटायचं, कौतुक करताहेत. ती पोरगी मला आज रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

तर त्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी मेथांब्याचं काम तिच्यावर सोपवलं. आमच्या घरी एक रीत. नवी कैरी, नवा आंबा, त्यांचं काहीही अक्षय तृतीयेला पितरांच्या पानावर वाढल्याशिवाय कुणी तोंडात घालायचं नाही. मेथांबा मात्र आधीच करून ठेवायचा, कारण पानावर वाढेपर्यंत तो मुरलेला हवा. म्हणजे जी बाई करणार तिनं चाखायचं नाही. चमचा चाटायचा नाही, बोट लावायचं नाही. वासावर आणि रंगावर करायचं. आणि पितर म्हणजे कुणी लांबचे नव्हते. सासरे मी फोटोतच पाहिले. हे कॉलेजात असतानाच ते गेले. त्यांचं पान पहिलं.

चाखायचं नाही म्हटल्यावर आमच्या होमसायन्सवालीला काय, मैदान मोकळं! परीक्षक नसलेली परीक्षा. रॉकेलचा स्टोव्ह तिनं भसाभसा पंप मारून पेटवला. पुस्तकात 'तेल चांगले तापल्यावर' असं लिहिलेलं होतं, म्हणून तेलातून धूर निघेपर्यंत थांबली. मग मेथ्या टाकल्या. आणि त्यानंतरच्या त्या मोलाच्या घटकेला ती काय करत होती? तर स्टीलच्या डब्याच्या झाकणात टिकली सरळ आहे का पाहत होती. दाराशी कुणाची चाहूल लागली म्हणून. हेच आले असतील म्हणून. मेथ्या काळ्या झाल्या, वास सुटला, आणि त्या वासाला ती मनात म्हणाली, वा, किती खमंग!

चिनीमातीच्या बरणीत भरलं. सासूबाईंनी वरून पांढऱ्या कापडाचा दादरा बांधला. बांधताना त्यांनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बरणी फडताळात गेली.

ते दिवस अजून अंगाला आठवतात. दुपारी रस्ता असा ओस पडायचा की कुत्रंसुद्धा दिसू नये. खिडक्यांना वाळ्याच्या तट्ट्या, त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझं. वाळ्याचा ओला वास, माठावर घातलेल्या फडक्याचा ओला वास आणि स्वयंपाकघरातल्या फडताळाचा तो तिसरा वास. हे ऑफिसातून जेवायला घरी यायचे, डोक्याला पंचा बांधून. जेवण झालं की थाळी ठेवायला म्हणून आत जायचे, आणि यायला वेळ लावायचे. मला वाटायचं, नवरा मदत करतो आहे. किती पुढारलेलं घर मिळालं!

अक्षय तृतीयेच्या सकाळी घागर भरून झाली, पान मांडलं आणि सासूबाईंनी दादरा सोडला. बरणी जवळजवळ रिकामी. तळाशी चार फोडी आणि काळपट खार.

"कोणं खाल्लं हे?"

हे पुढे आले. ओले केस, कमरेला धोतर, हातात दर्भ. म्हणाले, "मी."

"पितराच्या आधी? बापाच्या आधी खाल्लंस तू?"

"लई मस्त झाला होता आई. राहवलंच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गूळ तेवढा कमी पडला."

सासूबाई त्यांना जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. सणाच्या दिवशी, सोवळ्यात, पितराच्या पानासमोर बोलल्या. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मग घाईनं कैरी-कांद्याची चटणी वाटून पानावर वाढली गेली. आणि मी? मी दाराआड उभी राहून फुगत होते. फुगत म्हणजे रागानं नाही हो, अभिमानानं! माझ्या हातचा मेथांबा असा की माणसाला वडिलांचा विसर पडावा! दुपारी बरणी घासायला घेतली तेव्हा तळाचं बोटभर चाटून पाहिलं. कडू जहर. पण शिकलेल्या डोक्याजवळ प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. मेथ्या जड असतात, तळाला बसतात, म्हणून तळ कडू. वरचं अमृत असणार.

हे अमृत मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना ऐकवलं. बहिणीला, नणंदांना, हळदीकुंकवाला आलेल्या बायांना. "आमच्या ह्यांनी तर पहिल्याच वर्षी अख्खी बरणी, तीही पितरांच्या आधी..." सासूबाई तेव्हा पानाला चुना लावत बसायच्या. चुना जरा जास्तच लागायचा.

पुढच्या उन्हाळ्यापासून त्या मेथांब्याच्या वेळी नेमक्या माझ्या शेजारी येऊन बसू लागल्या. "आता टाक. आता. गुलाबी झाल्या पाहा." एवढंच. काहून ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला वाटायचं, शिकून राहिल्यात माझ्याकडून.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मात्र त्या बोलल्या. दुपारी खाटेवर पडल्या होत्या, मी पायांना तेल लावत होते आणि माझं ते बरणीपुराण नव्या शेजारणीला नुकतंच सांगून झालं होतं. शेजारीण गेल्यावर सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "किती वर्षं सांगशील वं? जळक्या मेथ्यांचा वास अख्ख्या गल्लीत गेला होता. मले का नाक नव्हतं?"

माझा हात थांबला.

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"तो खाऊन राहिला होता ना. रोज थोडा थोडा, पाण्याच्या घोटाबरोबर, औषधासारखा. मी पाहिलं. खाणाऱ्याचं तोंड वाकडं झालं नाही, तं मी माह्यं काहून वाकडं करू?"

"पण त्या दिवशी तुम्ही त्यांना इतकं बोलल्या..."

"बोलावं लागते. नाही तं तुले समजलं असतं."

मग त्यांनी कूस बदलली. मी कितीतरी वेळ त्यांचे पाय चोळत राहिले. खोलीत कूलरच्या पाण्याचा आवाज आणि माझं बी.ए.

ह्यांना मी कधीच सांगितलं नाही की मला कळलं आहे. काय सांगणार? एक तर माझी गोष्ट गेली असती. आणि दुसरं म्हणजे, तोवर ह्यांची चोरी ही घरातली एक वहिवाट झाली होती. पहिल्या वर्षी त्यांनी कडू खाल्लं, पुढे चांगलं झालं तरी खातच राहिले. मी चिनीमातीची बरणी काढून काचेची आणली, पातळी दिसावी म्हणून. काचेवर बाहेरून पांढरा दोरा बांधायचा, मेथांबा जिथवर आहे तिथे. दुसऱ्या दिवशी पातळी दोऱ्याच्या खाली. मी ओरडायची, "पितरांच्या आधी खाल्लंत ना?" हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "थोडासाच घेतला वं." आणि पान उलटता उलटता, "गूळ कमी पडला." दर वर्षी तेच. एका वर्षी मी मुद्दाम दीडपट गूळ घातला. म्हणाले, "कमी पडला." माणूस चोर असावा, पण इतका खोटारडा?

मग साखर निघाली. रक्तात. तिथून दोरा गमतीचा राहिला नाही. मी खरंच ओरडू लागले, फडताळाला कुलूप लावू लागले, सोफ्यावर मेथांब्याचा डाग दिसला की दिवसभर अबोला. सांडल्याशिवाय त्यांना कधी खाता यायचं नाही. बंड्यांवर, चादरीवर, पेपरच्या अग्रलेखावर, कुठे ना कुठे लाल-पिवळा ठिपका असायचाच. तो ठिपका म्हणजे त्यांची सही. मी साबण लावून सही पुसायची आणि बडबडायची. आता वाटतं, एखादी तरी बंडी तशीच ठेवायला हवी होती. पण तेव्हा मला कपडे पांढरेशुभ्र लागायचे. मूर्ख बाई.

मागच्या उन्हाळ्याची गोष्ट. मुलाच्या बेसाच्या फ्लॅटमध्ये ह्यांची खाट खिडकीशी लावली होती. मुलगा विमानतळाजवळच्या मिहानमध्ये कामाला, सकाळी जातो ते दिवे लागल्यावर येतो. खिडकीतून उतरणारी विमानं दिसायची, म्हणून हे तिकडे तोंड करून पडायचे. थंडीपासून त्यांचं खाणं कमी होत गेलं होतं. आधी पोळी सुटली, मग भात. मग पेज दोन घोट. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी जाताना दाराशी उभं राहून सांगितलं, "आता पथ्य नको. आंबा मागितला, आंबा द्या. गोड मागितलं, गोड द्या. पोटात काहीतरी गेलं पाहिजे."

मुलगा आनंदला. "बघ आई, पथ्य निघालं बाबांचं!" मी त्याच्याकडे पाहिलं. इतका शिकलेला पोरगा, कुणावर गेला ते काही विचारायला नको. इतकी वर्षं ज्या माणसाला एक चमचा गोड नाकारलं, त्याला डॉक्टर अचानक सगळं बहाल करतो तेव्हा ती मेहेरबानी नसते.

त्या दिवसापासून घरात सगळे ह्यांना खा, खा म्हणू लागले. रश्मी शिरा करून आणायची. मुलगा बर्फी आणायचा. मी मेथांबा केला, दुसऱ्याच दिवशी केला, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चमचा भरून त्यांच्या ओठांशी नेला. पितर गेले खड्ड्यात, म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. खिडकीकडे. विमान उतरत होतं.

तेव्हा मला कळलं की माझंच चुकतंय. दिलेलं खाण्याची ह्यांना सवयच नव्हती.

मी चमचा बरणीत परत घातला, खाटेजवळच्या स्टुलावर त्यांच्या हाताच्या अंतरावर बरणी आदळली, टोपलीतून दोरा काढला आणि पातळीवर आवळून बांधला. आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "खबरदार! अक्षय तृतीया व्हायची आहे अजून. पितरांच्या आधी हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे!" रश्मी धावत आली. तिला वाटलं, सासूचं डोकं फिरलं. ह्यांनी मात्र मान वळवली होती. बरणीकडे नाही, माझ्याकडे. डोळ्यांत काहीतरी हललं, तळाशी गेलेल्या फोडीसारखं.

मग मी चोरीची सगळी सोय करून दिली. चमचा 'विसरून' बरणीपाशी ठेवला. झाकण सैल ठेवलं. दुपारी मुद्दाम मोठ्यानं सांगायची, "मी गॅलरीत जाते हो, पापड पाहते." पापड नव्हतेच. गॅलरीत तापलेल्या फरशीवर पाय उचलून उचलून उभी राहायची, समोरच्या अर्धवट इमारतीवर सिमेंट चढताना बघायची. आत यायच्या आधी खोकायची, चोराला वेळ मिळावा म्हणून. आत आले की आधी दोरा पाहायची. मेथांबा दोऱ्याला टेकलेला. दुसऱ्या दिवशी टेकलेला. तिसऱ्या दिवशीही. कधी नव्हे तो माझा नवरा प्रामाणिक झाला होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

अक्षय तृतीयेच्या सकाळी रश्मी घागर धूत होती. हे डोळे मिटून पडले होते. मी बरणी उघडली, मोठे दोन चमचे मेथांबा वाटीत काढून ती ओट्यामागे लपवली. चमचा तसाच माखलेला त्यांच्या उशाशी ठेवला. पातळी दोऱ्याच्या बोटभर खाली गेली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि सुरू झाले, "खाल्लंतच ना शेवटी? सांगितलं होतं ना पितरांच्या आधी नाही म्हणून? म्हातारे झालात तरी सवय जात नाही!"

त्यांनी डोळे उघडले. चमच्याकडे पाहिलं. बरणीकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. ओठ कोरडे होते. चादर पांढरीशुभ्र. एक ठिपका नव्हता.

"थोडासाच घेतला वं," ते म्हणाले.

आवाज असा होता की मला खाली वाकावं लागलं. वाकल्यावर दम घेऊन पुढचंही बोलले.

"गूळ कमी पडला."

मी म्हटलं, "तुम्हाला नेहमीच कमी पडतो." आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. पाण्याचा आवाज असला की बाकी आवाज होत नाहीत. मग परत येऊन दोरा बोटभर खाली सरकवून बांधला. बांधताना त्यांनी माझी बोटं पाहिली असावीत. सासऱ्यांचं पान वाढलं. त्या दिवशी दुपारी हे पेज चार घोट प्याले. बस. पुढचं पावसाळा संपेपर्यंतचं मला लिहायचं नाही.

यंदा कैऱ्या सोलायला नात आली. फोन उभा करून ठेवला आणि म्हणाली, "आजी, माप सांग ना, मी रेकॉर्ड करते." मी म्हटलं, माप नाही बाई, वास आहे, तो तुझ्या फोनात येतो का? ती हसली, आणि हसता हसता झाऱ्याला चिकटलेला खार चाटायला गेली. मी तिच्या हातावर चापट मारली. "पितरांच्या आधी नाही!"

ती म्हणाली, "पितर म्हणजे कोण गं, आजोबा ना?"

तेव्हा पहिल्यांदा ते माझ्या कानांनी ऐकलं. ज्यांच्या आधी खायचं नाही, ते हे. वर्षानुवर्षं पितरांच्या आधी बरणीत चमचा घालणारा माणूस रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन बसला. आता त्यांना चोरायला जागाच उरली नाही. पान मांडणार, सगळ्यात आधी त्यांना वाढणार, राजरोस. दिलेलं खाण्याची सवय नसलेला माणूस. खातील का?

नात फोन घेऊन खोलीत गेली. रश्मी झोपली होती. कूलर घरघरत होता, पडद्याच्या कडेनं उन्हाची पट्टी ओट्यापर्यंत आली होती. बरणी निवली होती. मी झाकण लावलं, दोरा बांधला, घट्ट, दोन गाठी. खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत राहिले. अक्षय तृतीया आठवड्यावर आली होती. सून म्हणून, सासू म्हणून, आजी म्हणून मी एकदाही पानाच्या आधी चाखलं नव्हतं. टिकली सरळ आहे का बघणारी ती मूर्ख पोरगीसुद्धा एवढा नियम पाळून होती.

मी झाकण उघडलं. मोठा चमचा घेतला, भातवाढीएवढा. उभ्या उभ्या खाल्ला. पदरावर थेंब सांडला, तो पुसला नाही. पातळी दोऱ्याच्या खाली गेली, चांगली बोटभर. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहून म्हटलं, "खाल्लं मी. तुमच्या आधी खाल्लं. आता ओरडा."

कूलर घरघरत राहिला.

गूळ कमी पडला होता.